मदत हवी : न्यूयॉर्कच्या ज्यू कलामहोत्सवात बेने इस्राएली कीर्तन, वेळ आणि सबटायटल्स

रंगपट
जून २०२७ मध्ये आम्हा बेने इस्राएलींचं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, बायबलमधल्या योसेफाच्या कथेवरचं मराठी कीर्तन आहे. तासाभराचं, पेटी-तबला-झांजांसह. आयोजक १९ जून, शनिवार, संध्याकाळी ७ म्हणताहेत. गाणारे दोघे शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतचा ज्यूंचा विश्रामदिन) पाळतात. मराठी कळणारे प्रेक्षक जेमतेम दहा. वेळ कोणती मागावी? इंग्रजी सबटायटल्स कशी बसवावीत?

पडद्यामागे
शनिवार सोडाच. त्या दिवशी तिथे सूर्य मावळतो साडेआठला, शब्बाथ संपायला सव्वानऊ-साडेनऊ. तोवर पेटीला हात नाही, माइक नाही, दारावर तिकीटविक्री नाही. मग साउंड चेक, म्हणजे सुरू व्हायला साडेदहा. (डिसेंबरात हाच शनिवार चालला असता, सव्वापाचलाच सुटका.) २० जून, रविवार, दुपारी ४ मागा, तांत्रिक तालीम त्याच सकाळी. महिना मात्र बरोबर धरलाय. शावुओतचा सण ११-१२ जूनला उरकतो, आणि २२ जुलैच्या तम्मूझ उपासापासून तिशा बआव या दुसऱ्या उपासापर्यंतचे तीन आठवडे पाळणारे लोक वाद्यसंगीत टाळतात.

कीर्तनवेडी
शब्दशः भाषांतर करू नका. एका स्लाइडवर दोन ओळी, ओळीत फार तर ४० अक्षरं. ध्रुपद पहिल्यांदा दाखवा, पुढच्या आवर्तनांना स्लाइड कोरी. खरी गोची गद्यात होते, कारण कीर्तनकार ते दर वेळी वेगळं बोलतो. तिथे वाक्य नको, प्रसंग लिहा : ‘भाऊ योसेफाला ओळखत नाहीत.’ मग कीर्तनकार रेंगाळला तरी स्लाइड खोटी पडत नाही. स्लाइड बदलणारा मराठी जाणणाराच हवा. घड्याळावर सोडलंत तर पहिल्याच हशाला ताळमेळ सुटेल.

पडद्यामागे
कोरी स्लाइड काळी ठेवली तरी प्रोजेक्टरचा काळा रंग अंधारात राखाडी चौकोन होऊन दिसतो. लेन्सपुढे शटर मागा. हिब्रू ओळी इंग्रजीशेजारी टाइप केल्या की पूर्णविराम भलत्याच टोकाला जातो, त्या चित्र म्हणून टाका. पडदा मंचाच्या वर लावा. फोक्सबीने या न्यूयॉर्कच्या नाट्यसंस्थेची यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) नाटकं पाहणाऱ्यांना सबटायटल्स वाचायची सवय आहे.

रंगपट
रविवार मिळाला! छापील कार्यक्रमपत्रिकेत सुरुवातीची हिब्रू प्रार्थना देऊ का?

कीर्तनवेडी
द्या, पण देवाचं चार अक्षरी नाव वगळून. ते छापलं की कागद कचऱ्यात टाकता येत नाही, रीतीनं जमिनीत पुरावा लागतो. आणि प्रेक्षक पत्रिका खुर्चीवरच सोडून जातात.