विषय: इथाका सहल – एझ्रा कॉर्नेलबद्दल कोण बोलणार?

मंजिरी:

नमस्कार मंडळी,
न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी जाणाऱ्या ऑक्टोबरच्या सहलीची बस ठरली आहे. फॉल क्रीकचा धबधबा, मग कॉर्नेल विद्यापीठाचा परिसर आणि जेवण. जाताना बसमध्ये त्याचा संस्थापक एझ्रा कॉर्नेल याच्याबद्दल दहा मिनिटं कुणी बोलेल का? आमच्या घरच्या मुलांची समजूत आहे की हा कुणीतरी प्रोफेसर होता.

अविनाश:

प्रोफेसर कसला! तारेच्या (टेलिग्राफच्या) कंपनीतला पैसेवाला. आमदार झाला, केंद्राने राज्याला दिलेली जमीन स्वस्तात पदरात पाडून घेतली आणि स्वतःच्या गावात स्वतःच्या नावाचं विद्यापीठ काढलं. आपल्याकडचे शिक्षणसम्राट वेगळं काय करतात? पुतळ्यापाशी फोटो काढू, भाषण नको.

दिलीपकाका:

अविनाश, शिक्षणसम्राट म्हणायला हरकत नाही, पण मग हिशोबही तपासायला हवा. आधी माणूस, मग जमीन.

कुंभाराचा मुलगा, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या घरातला, जन्म १८०७. शाळा जेमतेम. १८२८ मध्ये इथाकाला आला आणि पुढे बीबी नावाच्या मालकाच्या गिरणीत लागला. गिरणीला पाणी मिळावं म्हणून फॉल क्रीकशेजारचा खडक फोडून त्याने बोगदा काढला. आपण उभे राहणार तिथेच. पुढे ते काम सुटलं, तेव्हा एका नांगराचे विक्रीहक्क घेऊन तो मेन आणि जॉर्जिया या राज्यांत फिरला. मेनमध्ये त्याला एफ. ओ. जे. स्मिथ भेटला. टेलिग्राफवाल्या मोर्सच्या वॉशिंग्टन–बाल्टिमोर तारेची नळी जमिनीत पुरायचं कंत्राट या स्मिथकडे होतं. कॉर्नेलने चर पाडणारं, नळी सोडणारं आणि वर माती ओढणारं असं एकच यंत्र करून दिलं.

मैलोन्‌मैल नळी पुरल्यावर लक्षात आलं की आतल्या तारेचं आवरणच कुचकामी आहे. काँग्रेसने दिलेले ३०,००० डॉलर संपत चालले होते आणि मोर्सला गाजावाजा न होता काम थांबवायचं होतं. कॉर्नेलने नांगर मुद्दाम खडकावर घातला. यंत्र मोडलं, पेपरात अपघाताची बातमी आली, झाकली मूठ राहिली. मग तार खांबांवर चढली आणि २४ मे १८४४ ला संदेश धावला. मुलांना ही गोष्ट नक्की आवडेल. मूल्यशिक्षणात बसत नाही एवढंच.

पुढची काही वर्षं त्याने मिळेल तो पैसा तारेच्या शेअरमध्ये घातला. इथाकात बायको मेरी अ‍ॅन उधारीवर घर चालवत होती. १८५६ मध्ये छोट्या कंपन्या एकत्र होऊन वेस्टर्न युनियन झाली आणि शेअरच्या कागदांना एकदम मोल आलं. पन्नाशीत श्रीमंत झालेला हा माणूस १८६२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या असेंब्लीत, म्हणजे विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात गेला, नंतर १८६४ ते १८६७ राज्याच्या सिनेटमध्ये होता.

आता जमीन. १८६२ च्या मॉरिल कायद्याने शेती आणि यंत्रविद्येच्या कॉलेजांसाठी प्रत्येक राज्याला, काँग्रेसमधल्या त्याच्या प्रत्येक सदस्यामागे ३०,००० एकर मिळाले. न्यूयॉर्कच्या वाट्याला जवळजवळ ९,९०,००० एकर. पण केंद्राची मोकळी जमीन इथे नव्हतीच, म्हणून हातात आले फक्त हक्काचे कागद. राज्याला ते वापरून दुसऱ्या राज्यात स्वतः जमीन घेता येत नव्हती. कागद विकायचे, एवढाच मार्ग. सगळी राज्यं एकदम विकायला निघाली आणि सव्वा डॉलर एकराचा भाव ५०–६० सेंटांवर आला.

कॉर्नेलने बहुतेक सगळे उरलेले कागद एकरी सुमारे ६० सेंटांनी घेतले, आणि होणारा नफा विद्यापीठाचा, हे लिहून दिलं. विस्कॉन्सिनमध्ये पाइनच्या जंगलातली सुमारे पाच लाख एकर निवडली. दरवर्षीचे कर, पाहणीचा खर्च खिशातून. १८७४ मध्ये तो गेला तेव्हा यातलं फारसं हाती आलं नव्हतं. नंतर लाकडाचे भाव चढले आणि विद्यापीठाला यातून सुमारे ५० लाख डॉलर मिळाले. शिवाय सुरुवातीचे पाच लाख डॉलर आणि टेकडीवरचं शेत वेगळंच.

आल्बनीत, म्हणजे राज्याच्या राजधानीत, त्याच्यावर तुझ्यासारखेच आरोप झाले. १८७३ मध्ये असेंब्लीत लबाडीचा आळ आला, गव्हर्नरने चौकशी नेमली, ती त्याच्या बाजूने गेली. उलट १८६५ ला विद्यापीठाची सनद मंजूर करून घेताना याच राज्यातल्या लिमा गावच्या जेनेसी कॉलेजला त्याने २५,००० डॉलर द्यावेत, अशी अट विधिमंडळाने घातली. त्याने मुकाट दिले. मला विचारशील तर शिक्षणसम्राट समोरच्या बाकांवर बसले होते.

मेधाताई:

काका, मेरी अ‍ॅनबद्दल एक राहिलं. ती क्वेकर नव्हती, म्हणून लग्नानंतर पंथाने कॉर्नेलला बाहेर काढलं. माफी माग, परत घेतो म्हणाले; तो मागेना.

मुलींच्या सेज कॉलेजची कोनशिला १८७३ मध्ये बसली, तेव्हा त्याने पुढच्या पिढ्यांसाठी एक बंद पत्र आत ठेवलं. मुलं-मुली एकत्र शिकवायचा प्रयोग कधी फसलाच, तर त्याचं कारण यात आहे, असं तो सूचित करून गेला. सव्वाशे वर्षं लोकांना वाटलं, बायकांबद्दल काहीतरी असेल. १९९७ मध्ये उघडलं तर आत होतं, की शिक्षणाला खरा धोका पंथापंथांच्या भांडणाचा आहे. मुलींविरुद्ध अक्षर नाही.

अविनाश:

पत्र भारी आहे. पण विद्यापीठ इथाकालाच का? तिथे तर धड रेल्वेही नव्हती.

दिलीपकाका:

हा प्रश्न बरोबर. सिनेटमधला त्याचा जोडीदार अँड्र्यू व्हाइट, पुढे पहिला कुलगुरू, याच राज्यातल्या सिरॅक्यूज शहरासाठी आग्रही होता. कॉर्नेल बधला नाही. तरुणपणी सिरॅक्यूजमध्ये दोनदा मजुरी बुडवली गेली, ते तो विसरला नव्हता, असं सांगतात. मग इथाकाला रेल्वे आणायच्या नादात त्याने उरलेली संपत्तीही बरीचशी घालवली, तेव्हा गावप्रेमाचा तुझा मुद्दा मला मान्य, फक्त त्यात फायदा दिसत नाही.

दहा मिनिटं मी बोलतो. आपले सिरॅक्यूजचे सभासद कोणत्या थांब्यावर चढणार ते मंजिरीने आधी कळवावं, मजुरीची गोष्ट त्याआधी उरकतो.