काम मिळेल, पण आधी कागद

‘तुरुंगातून सुटून आलेल्याला काम द्या, बाकी आपोआप जुळतं’ हे मत मला अर्धंच पटतं. आमच्या किनाऱ्यावर आंब्याच्या हंगामात बागेत माणसं कमीच पडतात. पण खलाशी म्हणून बोटीवर जायचं तर ओळखपत्र हवं, आणि जून-जुलैत मासेमारी बंद. ऐन पावसात सुटलेला माणूस काय खाणार? रत्नागिरी किंवा सावंतवाडीच्या कारागृहातून बाहेर पडताना त्याच्याकडे आधारकार्ड आहे का, रेशनकार्डावर नाव राहिलंय का, घरचे घेतायत का, हे आधी बघायला हवं. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून अशा माणसांसोबत काम करतोय.

शिवाय देशातले बहुसंख्य कैदी कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा सिद्धच न झालेले. वाडीत मात्र ‘जेलात होता’ एवढंच बोललं जातं, आणि त्याची झळ मुलांना शाळेत बसते. म्हणून वाडीच्या बैठकीत एखाद्या जाणत्याने उघडपणे त्याची बाजू घ्यावी. शिमग्याला पालखीला खांदा द्यायला त्यालाही बोलवावं. आणि कोणी अजून आत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, हे त्याच्या घरच्यांना जाऊन सांगा.