पॉपकॉर्नचा जीएसटी, आईचा शून्य टक्के आणि आत्याचा राग: असल्या बातम्यांवर घरी हसायचं की नाही?

चहाबाज:
आमच्याकडे जेवताना टीव्ही बंद हा आईचा नियम, त्यामुळे दिवसभरातली एक तरी येडपट बातमी ताटावर आणायची जबाबदारी बाबांची. परवा आत्या राहायला आलीये आणि जुना विषय निघाला, डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरला जीएसटी कौन्सिलची मीटिंग झाली आणि पॉपकॉर्नचा खुलासा आला तो. तेव्हाचे रेट असे, सुट्टं खारं असेल तर 5 टक्के, पाकिटात भरून लेबल लावलं की 12 आणि कॅरॅमलचं असेल तर 18. त्या रात्री बाबांनी आमच्या ताटांना जीएसटी लावला होता, साधा भात 5, फोडणीचा 12, आणि मी दहीभातावर साखर घेतो म्हणून मला 18. आई पोळी वाढता वाढता म्हणाली, "माझ्या सगळ्याला शून्य, मी बिलच फाडत नाही." ठसका लागेपर्यंत हसलो होतो, परवा परत सांगतानाही तेवढंच. आत्या मात्र हसली नाही. म्हणाली, लोकांचे धंदे बसतायत आणि तुम्हाला दात काढायला काहीही चालतं.

माझं म्हणणं एवढंच की गंभीरपणे वाचली असती तर ती बातमी दुसऱ्या दिवशी विसरलो असतो, हसलो म्हणून तिन्ही रेट अजून पाठ आहेत. चुकतंय का माझं?

हिशोबी_माणूस:
चुकतंय. रेट पाठ आहेत पण बातमी काय होती ते नाही. कौन्सिलने नवीन टॅक्स लावलाच नव्हता, आधीपासून होतं तेच समजावून सांगितलं होतं, खारं ते नमकीनमध्ये जातं आणि साखर लागली की मिठाईच्या खात्यात. तुम्ही लोकांनी हसून हसून त्याचं "सरकारने पॉपकॉर्नवर टॅक्स बसवला" करून टाकलं. मी याच कामात आहे. थिएटरच्या इंटरव्हलमध्ये सासऱ्यांनी चार लोकांत मला विचारलं, जावईबापू हे तुमच्या ऑफिसातलंच काम का हो. माझ्या हातात कॅरॅमलचंच होतं.

चहाबाज:
हे वाचून आत्ता आई परत हसतेय, सॉरी हां.

कडू_कारलं:
मला तो पॉपकॉर्न नाही, तुमच्या आईचा शून्य टक्के अडकला. घरातला सगळ्यात टोकदार विनोद त्या माऊलीने मारला आणि तो तुम्ही फोडणीच्या भाताच्या लायनीत बसवून टाकलात. सरकारचाच 2024 चा टाइम यूज सर्व्हे आहे, पगार न मिळणाऱ्या घरकामात बायका दिवसाला 289 मिनिटं घालवतात आणि पुरुष 88. आता सांगा, ठसका लागेपर्यंत हसून झाल्यावर ताटं कोणी उचलली? आपल्याकडे घरगुती विनोद म्हटलं की बायको, सासू नाहीतर स्वयंपाकघर, आणि हसून झालं की ती परत ओट्याशी. मला हसायला प्रॉब्लेम नाहीये, पण हसून विषय संपवायची जी सवय आहे ना आपल्याला, तिचा आहे.

चहाबाज:
बापरे. ताटं आईनेच उचलली असावीत, खोटं कशाला बोलू. पण ती बिचारी वगैरे नाही हो, स्वतःच सगळ्यात जास्त हसत होती.

कडू_कारलं:
हो, हसत असणारच, रडून कोण भांडी घासून देणारे.

मिसळवाला:
माझं छोटं हॉटेल आहे म्हणून जरा मोठं लिहितो. सप्टेंबर 2024 मध्ये कोइमतूरला एका हॉटेलवाल्याने अर्थमंत्र्यांना समोरासमोर हसत हसत सांगितलं होतं की बनवर जीएसटी नाही पण त्यात क्रीम लावलं की 18 टक्के, म्हणून गिऱ्हाईक म्हणतं बन आणि क्रीम वेगवेगळं आणा, आम्हीच लावून घेतो. अख्खा हॉल हसला. आमच्या हॉटेलात तर दोन दिवस तेच चाललेलं, पोरं म्हणायची मालक पाव आणि तर्री वेगळी द्या, आम्ही बुडवून घेतो. मग त्या माणसाचा मंत्र्यांची माफी मागतानाचा व्हिडिओ बाहेर आला. तो व्हिडिओ बाहेर गेला म्हणून नंतर मंत्र्यांच्याच पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांना माफी मागावी लागली, म्हणजे माफीची माफी. यावरही लोक हसले, मला नाही जमलं. तो आमचं सगळ्यांचं गाऱ्हाणं सांगत होता आणि त्याला हात जोडावे लागले. तुमच्या आत्याबाई कुठून बोलतायत ते मला बरोबर कळतं.

हिशोबी_माणूस:
आणि 2023 च्या जुलैत वाराणसीत टोमॅटोच्या राखणीला बाउन्सर ठेवलेला भाजीवाला? सगळ्या फॅमिली ग्रुपवर फिरला होता. नंतर कळलं तो भाजीवाला नव्हताच, एका पक्षाचा कार्यकर्ता होता, महागाईचा निषेध म्हणून केलेलं नाटक. पोलिसांनी धरलं कोणाला, तर ज्याच्या दुकानात ते झालं त्या दुकानदाराला आणि त्याच्या पोराला. ही दुसरी बातमी कोणी फॉरवर्ड केलेली आठवते का? मला तरी नाही आली.

बांधावरचा:
टोमॅटोचा विषय काढलाच आहे तर बोलतो, आमचं शेत जुन्नर तालुक्यात, माल नारायणगावच्या मार्केटला जातो. 2023 च्या मे मध्ये वीस किलोच्या कॅरेटला भाडं पण सुटत नव्हतं, लोकांनी माल रस्त्याकडेला ओतला, आम्ही गुरांपुढं टाकला. आमची आजी गाईसमोर पाटी ओतायची आणि म्हणायची, खाऊन घे बाई, पुढच्या महिन्यात तुला परवडायचं नाही. आम्ही सगळे हसायचो, बाप पण हसायचा, ज्याचा सगळा पैसा त्या वावरात गेला होता तो. आणि जुलैत तसंच झालं की, शहरात दीडशेच्या वर किलो गेला. आजी गोठ्यात जाऊन गाईला म्हणाली, बघ.

म्हणून मिसळवाल्या दादांशी माझं जमत नाय. ज्याचं नुकसान झालंय त्याला हसू नका म्हणणारे तुम्ही कोण? मे महिन्यात आमच्याकडं हसण्याशिवाय काय होतं. राग आला तो जुलैत, मुंबईची मावशी टोमॅटोची माळ घातलेला नवरदेव पाठवून वर विचारते, तुमची तर मजाय. मजा झाली असती मावशे, पण तवर आम्ही झाडं उपटून प्लॉट मोडला होता.

मिसळवाला:
भाऊ, आजींना नमस्कार सांगा. पण मला वाटतं आपण एकच बोलतोय. आजी हसल्या, मावशी हसल्या, दोन्ही एक नाही.

बांधावरचा:
नाय, एक नाय. पण मावशीला कोण सांगणार, दिवाळीला तिच्याचकडं उतरायचंय.

चहाबाज:
हे सगळं आत्याला मोठ्याने वाचून दाखवलं. गाईचं ऐकून हसली, लपवायला पदर तोंडाला लावला पण दिसलं. मग बाबांनी ताजं प्रकरण काढलं, 22 सप्टेंबर 2025 पासून पोळी, पराठा सगळ्यावर जीएसटी शून्य झालाय. एका कंपनीच्या पाकिटातल्या परोट्यावर 2020 मध्ये कर्नाटकात 18 टक्क्यांचा निकाल लागला होता, तेव्हा केवढी बोंबाबोंब झालेली. आई म्हणाली, "बघा, शेवटी सरकारला माझ्याच रेटवर यावं लागलं."

कडू_कारलं:
जबरी. आणि आज ताटं?

चहाबाज:
आत्याने उचलायला लावली, मला आणि बाबांना. बाबा घासायच्या आधी विचारत होते सेवा कर कोण भरणार. तिने नुसतं बघितलं त्यांच्याकडे.