एसटीपी अपग्रेडसाठी पैसा कुठून आणायचा? कर्ज, अनुदान की खासगी कंपनी?

नदीकाठ
शहराचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) जुना झालाय, क्षमता कमी पडतेय आणि नवीन निकषांप्रमाणे आता नायट्रोजन-फॉस्फरसही काढायला लागणार. सल्लागाराने तीन रस्ते सुचवलेत, एकतर अनुदानाची वाट बघा, नाहीतर बाँड काढून कर्ज उभारा, नाहीतर खासगी कंपनीला बांधायला आणि चालवायला द्या. लवकरच जनसुनावणी आहे आणि मला तिथे बोलायचंय. नुसतं दरवाढ नको म्हणून ओरडून काही होत नाही, आणि दुसरीकडे कर्जाचं नाव काढलं की सगळे हात वर करतात. यातलं कळणाऱ्यांनी प्लीज सांगा, कुठला आकडा धरून बसायचा?

खातेवही
कर्जाला घाबरू नका, मुदत आणि व्याज बघा. समजा १०० कोटी ८ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर वर्षाचा हप्ता साधारण १०.२ कोटी, एकूण परतफेड २०४ कोटीच्या आसपास. मुदत ३० वर्षं केली की हप्ता ८.९ वर येतो आणि लोकांना बरं वाटतं, पण एकूण २६६ कोटी भरावे लागतात. तेच ५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी मिळालं तर हप्ता ८ कोटी, म्हणजे दरवर्षी वाचलेल्या पैशाची ८ टक्क्यांच्या हिशोबात आजची किंमत काढली तर जवळपास २१ कोटींचं अनुदान मिळाल्यासारखंच झालं. म्हणून स्वस्त कर्ज मिळवून देणाऱ्या सरकारी फंडाला मी अनुदानाइतकंच महत्त्व देतो. अमेरिकेत १९७२ च्या कायद्यानंतर केंद्र सरकार अशा प्रकल्पांना ७५ टक्के अनुदान द्यायचं, मग १९८७ मध्ये फिरता निधी आणला, राज्याचा फंड कमी व्याजाने कर्ज देतो आणि परत आलेला पैसा पुढच्या शहराला जातो.

अजून एक, सगळं एकाच कर्जात कोंबू देऊ नका. टाकीचं काँक्रीट नीट बांधलं तर ४०-५० वर्षं जातं, पंप आणि ब्लोअर (टाकीत हवा सोडणारी यंत्रं) १५-२० वर्षं, सेन्सर वगैरे तर १० च्या आसपासच. ३० वर्षांच्या कर्जात पंप घेतलात तर तो भंगारात गेल्यावरही हप्ता चालूच राहणार आणि नवीन पंपासाठी परत कर्ज.

गाळमाती
आणि बाँडचा व्याजदर स्थिर आहे का बदलता, हे आधी विचारा!! अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जेफरसन काउंटीने ड्रेनेजच्या कामासाठी ३ अब्ज डॉलरवर कर्ज केलं, त्यातलं बरंच बदलत्या व्याजाचं आणि वर स्वॅपचे, म्हणजे व्याजदर अदलाबदलीचे करार, २००८ च्या संकटात व्याज वाढलं आणि २०११ मध्ये काउंटीने दिवाळखोरी जाहीर केली. कामाची गरज खरी होती, कर्जाच्या रचनेनं घात केला.

रात्रपाळी
मी एसटीपी चालवणाऱ्यांपैकी आहे, आणि या सगळ्या चर्चेत माझा जीव एकाच गोष्टीसाठी तुटतो, चालवायचा पैसा कोण देणार? बांधायला पैसा मिळतो हो. फीत कापायला सगळे येतात. अनुदान बहुतेक वेळा बांधकामापुरतंच असतं, पुढची २० वर्षं वीज, केमिकल, गाळाची विल्हेवाट, माणसं, हे शहराच्या माथ्यावर. अॅक्टिव्हेटेड स्लज पद्धतीत (जिवाणूंना हवा देऊन त्यांच्याकडून घाण खाववायची) एकूण विजेपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त वीज एकट्या एरेशनला, म्हणजे हवा सोडायला जाते. आता बजेट आटलं की पहिली कात्री कुठे लागते? रात्री ब्लोअर बंद. टाकीतले जिवाणू हवेवर जगतात, तासन्‌तास हवा नाही मिळाली की त्यांचं काम थांबतं, अमोनिया तसाच पुढे जातो, सेटलिंग टाकीत गाळ खाली बसायच्या ऐवजी वर तरंगायला लागतो आणि पाण्यासोबत नदीत.

तुम्ही स्वतः एकदा टाकीवर उभं राहून बघा. डिफ्युझर (तळाशी बसवलेल्या, हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या चकत्या किंवा नळ्या) चांगले असतील तर सगळ्या पृष्ठभागावर बारीक, एकसारखा फेसाळ बुडबुडा दिसतो. एका जागी भडाभडा मोठे बुडबुडे येत असतील तर तिथली मेम्ब्रेन (डिफ्युझरचा बारीक भोकांचा पडदा) फाटलीय किंवा पाइप सुटलाय, हवा ऑक्सिजन न देताच वर निघून जातेय आणि बिल मात्र तेवढंच. ते दुरुस्त करायला टाकी रिकामी करावी लागते, त्याची तरतूद बजेटमध्ये नसते, मग वर्षानुवर्षं तसंच. म्हणून माझं म्हणणं, सगळ्यात कमी बांधकाम खर्चाचं टेंडर मंजूर होऊ देऊ नका, पुढच्या १५-२० वर्षांचा चालवण्याचा खर्च धरून जे स्वस्त पडतं ते घ्या.

खातेवही
+१. खासगी पर्यायातही हेच लावता येतं. गंगा स्वच्छतेच्या सरकारी कार्यक्रमात हायब्रिड अॅन्युइटी नावाची पद्धत वापरली, बांधकामाच्या वेळी ४० टक्के रक्कम आणि उरलेली ६० टक्के १५ वर्षांच्या हप्त्यांत, व्याजासकट, आणि चालवण्याचे पैसे वेगळे, पाण्याच्या गुणवत्तेशी जोडलेले. कंपनीचे पैसे अडकलेले असतात म्हणून ती बांधून पळत नाही. पण हप्ता द्यायची शहराची ऐपत हवी, नाहीतर कंपनीसुद्धा ब्लोअर बंदच करणार.

गाळमाती
उत्पन्नाची बाजू पण बघा. सुरतने प्रक्रिया केलेलं पाणी पांडेसऱ्याच्या कापड उद्योगाला विकलं, नागपूरचं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, गाझियाबादने २०२१ मध्ये १५० कोटींचा ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचा बाँड) काढला तोच मुळी उद्योगांना पाणी द्यायच्या प्लांटसाठी. डेन्मार्कमध्ये आरहूसचा मार्सेलिसबोर्ग प्लांट गाळापासून गॅस करून स्वतःला लागते त्यापेक्षा जास्त ऊर्जा तयार करतो. फक्त एवढंच की गिऱ्हाईकाशी लेखी करार झाल्याशिवाय हे उत्पन्न कर्जाच्या हिशोबात धरू देऊ नका, अहवालात असे आकडे फार सहज लिहिले जातात.

नदीकाठ
खूप खूप आभार, इतकं कोणीच समजावलं नव्हतं. मग दरवाढीला हो म्हणू का? गरीब वस्त्यांचं काय?

रात्रपाळी
हो म्हणा पण अटी घालून. ड्रेनेजचा पैसा वेगळ्या खात्यात, तो रस्त्याला-दिव्याला वळवता येणार नाही असा ठराव आधी. कमी पाणी वापरणाऱ्या घरांना खालचा स्लॅब, मोठ्या वापराला आणि उद्योगांना वरचा. एकदम दुप्पट करण्यापेक्षा दरवर्षी थोडी वाढ, आधीच जाहीर केलेली. आणि टेंडरमध्ये दर दशलक्ष लिटरमागे किती युनिट वीज लागेल याची लेखी हमी मागा, ती पाळली नाही तर दंड. सुनावणीत वेळ कमी मिळाला तर बाकी सगळं सोडा, हे वीज युनिटचं आणि वेगळ्या खात्याचं तेवढं इतिवृत्तात लिहून घ्या.