नव्या टाकीत मासे सोडण्यापूर्वी ती सायकल करणे बंधनकारक मानावे का?

निळाई (मूळ मांडणी):
नवी टाकी आणायची, वाळू धुऊन घालायची, फिल्टर सुरू करून पाणी दोन दिवस मुरू द्यायचे आणि तिसऱ्या दिवशी मासे सोडायचे, ही आपल्याकडची रूढ पद्धत आहे आणि अनेक दुकानांतही हाच सल्ला मिळतो. माझ्या मते ही पद्धत आता सोडून दिली पाहिजे. मासे न घालता टाकी सायकल करणे, म्हणजे अमोनिया पचवणारे जीवाणू टाकीत आधी वाढवून घेणे, हा नवशिक्यांसाठी पर्याय नसून नियम असावा.

दोन दिवसांत पाण्यातले क्लोरीन उडून जाते, पण त्यापलीकडे काहीही घडत नाही. माशांच्या कल्ल्यांतून सतत बाहेर पडणारा अमोनिया पचवणारे जीवाणू तेवढ्या वेळात तयार होत नाहीत. त्यांचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. हे जीवाणू स्पंज, वाळू आणि काचेवर थर धरून राहतात, आणि एरवीचे जीवाणू अनुकूल स्थितीत अर्ध्या तासात दुप्पट होत असले तरी यांना त्यासाठी कित्येक तास, कधी पूर्ण दिवसही लागतो. म्हणूनच संपूर्ण चक्र बसायला साधारण ४ ते ६ आठवडे जातात. तोपर्यंत अमोनिया कल्ले भाजतो. त्यानंतर वाढणारे नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्यास निकामी करते, त्यामुळे पाण्यात पुरेसा प्राणवायू असूनही मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो.

करायचे ते अवघड नाही. माशांऐवजी आपणच जीवाणूंना अमोनिया पुरवायचा. १०० लिटर पाण्यात सुमारे ०.६ ग्रॅम अमोनियम क्लोराइड, म्हणजेच नवसागर, टाकले की अमोनिया २ मिलिग्रॅम प्रतिलिटर होतो. (कल्हईसाठी मिळणारा नवसागर शुद्ध असेलच असे नाही, म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा.) एवढा अमोनिया २४ तासांत शून्यावर येऊ लागला आणि नायट्राइटही शून्य दिसले, की साठलेले नायट्रेट कमी करण्यासाठी बरेचसे पाणी बदलून मासे आणावेत.

कृष्णाकाठ:
तुमचे रसायनशास्त्र मला मान्य आहे, नियम मान्य नाही. तुमची पद्धत पहिल्या दिवसापासून मोजमापावर उभी आहे. पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट मोजणारा चाचणी संच नसेल तर नवसागर किती पडला, चक्र कुठवर आले आणि केव्हा थांबायचे, यांपैकी काहीच कळत नाही. हा संच टाकीत येणाऱ्या गप्पी माशांपेक्षा महाग पडतो. मुलांच्या हट्टापायी टाकी आणलेल्या घराला दीड महिना रिकामी काच बघायला सांगितले, तर ते घर आपला नियमच नव्हे, आपला प्रत्येक सल्ला बाजूला ठेवेल.

त्यापेक्षा १०० लिटरच्या टाकीत चार-पाच लहान मासे, भरपूर वनस्पती, अगदी थोडे खाद्य आणि एक दिवसाआड २५ टक्के पाणी बदलणे हा मार्ग लोकांना पेलतो. जीवाणू पृष्ठभागांवर राहत असल्याने पाणी बदलल्याने चक्र मोडत नाही. शिवाय विषारी असतो तो मुक्त अमोनिया; बाकीचा अमोनियमच्या, त्यामानाने निरुपद्रवी रूपात असतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला आणि सामू (pH) ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.६ टक्के भाग त्या रूपात असतो. एकूण अमोनिया ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत ठेवला, तर मुक्त अमोनिया ०.००३ च्या आसपास राहतो. एवढ्याने माशांना अपाय होतो असे मला वाटत नाही.

निळाई:
हा हिशेब सामू ७ असेल तरच बसतो. दख्खनच्या काळ्या खडकातले बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते. सामू ८ झाला की त्याच तापमानाला मुक्त अमोनियाचा वाटा ५ टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे तुमच्याच ०.५ मधून ०.०२५ पेक्षा जास्त मुक्त अमोनिया तयार होतो. दीर्घकाळ राहिल्यास कल्ल्यांना इजा होऊ लागते अशी जी मर्यादा मत्स्यपालनात धरली जाते, ती साधारण इथेच आहे. नायट्राइटची बाधा तर सामू ७ असला तरी टळत नाही.

मला सर्वांत जास्त खटकते ती ‘काटक मासा’ ही कल्पना. मासा जगला म्हणजे त्याला त्रास झाला नाही असे ठरत नाही. कल्ले एकदा जखमी झाले की पुढे रोग लवकर धरतो, आणि तेव्हा दोष पाण्याला न देता माशाच्या जातीला दिला जातो. एक दिवसाआड पाणी बदलण्याची शिस्त ज्या घराला पाळता येईल, त्याच घराला मासे न घालता थांबणेही जमू शकते. फरक एवढाच की थांबण्यात चूक झाली तर नवसागर वाया जातो आणि पाणी बदलण्यात चूक झाली तर जीव जातो.

पाणवनस्पती:
आपण दोघांनीही वनस्पतींकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. वनस्पती नत्र घेताना बहुतेक वेळा नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी उचलतात, आणि या वाटेत नायट्राइट तयारच होत नाही. मात्र लाकडाला बांधलेली, संथ वाढणाऱ्या अनुबियासची दोन रोपे म्हणजे वनस्पतींची टाकी नव्हे. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट आणि पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पती अशा झपाट्याने वाढणाऱ्या जातींनी निम्मी टाकी भरलेली हवी आणि त्यांना नवी पाने फुटताना दिसायला हवीत. नुकतीच लावलेली, पाने गळणारी रोपे अमोनिया घेण्याऐवजी स्वतः कुजून तो वाढवतात. म्हणून रोपे रुजेपर्यंत दोन-तीन आठवडे मासे आणू नयेत, इतपत मी निळाई यांच्याशी सहमत आहे. खतयुक्त माती वापरली असेल तर तीच सुरुवातीला बराच अमोनिया सोडते. तिथे कृष्णाकाठ यांचा मार्ग मला सरळ चुकीचा वाटतो.

उगवतीचे पाणी:
ही सगळी चर्चा शून्यापासून सुरुवात करावी लागते असे गृहीत धरून चालली आहे. ओळखीच्या घरातल्या निरोगी, जुन्या टाकीचा स्पंज फिल्टर ओला ठेवून आणला आणि नव्या टाकीत लगेच चालू केला, तर सहा आठवड्यांचे काम बहुधा एक-दोन आठवड्यांवर येते. दुकानातला स्पंज मी घेणार नाही, कारण जीवाणूंबरोबर रोगही येतो. हा स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यात धुऊ नये, टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा. जिथे वीज तासन्‌तास जाते तिथे बंद डब्याच्या फिल्टरपेक्षा उघडा स्पंज बरा, कारण बंद डब्यात प्राणवायू संपून जीवाणू मरू लागतात.

कोकणातल्या वाचकांसाठी आणखी एक मुद्दा सांगणे मला आवश्यक वाटते. जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी पुष्कळदा फार मऊ असते. अमोनियातील १ मिलिग्रॅम नत्राचे नायट्रेट होताना पाण्याची सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे सामू घसरू न देण्याची क्षमता, खर्च होते. मऊ पाण्यात ती लवकर संपते, सामू घसरतो आणि चक्र मध्येच अडते. मग ‘सहा आठवडे झाले तरी नायट्राइट उतरत नाही’ अशी तक्रार येते. फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा ठेवल्यास हे टळते. निळाई यांच्या नियमात ही बाब नसेल, तर तो नियम रत्नागिरीत पाळूनही अपयश येईल.

कृष्णाकाठ:
सामूचा मुद्दा मी स्वीकारतो. बोअरचे पाणी असेल तर माझा मार्ग सुचवणार नाही. तरीही नियम कॅलेंडरवर बांधू नये. दुसऱ्याच्या स्पंजावर आठ दिवसांत तयार झालेली टाकी आणि मऊ पाण्यात दोन महिने अडलेली टाकी, दोन्हींना एकच मुदत लावणे अन्यायाचे आहे. अट घालायचीच असेल तर ती शून्य अमोनिया आणि शून्य नायट्राइट एवढीच असावी, आणि ही चाचणी दुकानदाराने मासे विकण्यापूर्वी ग्राहकाने आणलेल्या पाण्यावर करून द्यावी. दोन बाटल्यांच्या रसायनात अनेक ग्राहकांचे काम होते. ज्यांनी आधीच मासे सोडले आहेत, त्यांना आज काय सांगणार, हेही निळाई यांनी लिहावे.

निळाई:
मुदत नको, मोजमाप हवे, हे मला मान्य आहे. दुकानातल्या चाचणीची सूचना तर माझ्या मांडणीपेक्षा चांगली आहे. मासे आधीच सोडले असतील तर खाद्य एक दिवसाआड आणि अगदी चिमूटभर द्यावे, क्लोरीन काढलेले पाणी रोज २५ ते ३० टक्के बदलावे आणि दर १० लिटरला १ ग्रॅम साधे मीठ विरघळवून घालावे, कारण मिठातले क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही. मीठ आपोआप उडून जात नाही, म्हणून पुढच्या वेळी जेवढे पाणी बदलले तेवढ्याच पाण्याच्या हिशेबाने ते घालावे.