बाळाच्या खोलीसाठी क्रोशाचा हत्ती: वीण सैल दिसतेय, डोळे कसले लावू, मान कशी ताठ ठेवू?

रेशीमधागा

नमस्कार मंडळी, ताई बाळंतपणाला आमच्याकडे आलीये आणि आतली खोली तिच्यासाठी नि बाळासाठी रिकामी करून फिका पिवळा रंग देऊन घेतलाय. भिंतीला दोन फळ्या आहेत, त्यावर बसवायला मी क्रोशाचा हत्ती करायला घेतलाय, राखाडी, कान आतून गुलाबी, बसलेला, साधारण 25 सेंमी होईल असा. शिवाय पाळण्यावर टांगायला चार-पाच छोटे प्राणी पण करायचेत. आजीच्या वेळचं लाकडी चिमणाळं आहे घरात पण त्याच्या रंगाचे पोपडे निघतायत, ते बाळाच्या डोक्यावर नको वाटतं.

क्रोशे मला येतं, तोरणं, रुमाल, शाल सगळं करते, पण असा भरीव प्राणी पहिल्यांदाच. 8 प्लाय कॉटन (मध्यम जाडीचा सुती दोरा) आणलंय आणि सुई 4 एमएमची, लेबलवर तीच लिहिलीये. डोकं विणून झालं पण फायबर भरलं की टाक्यांमधून पांढरं डोकावतंय. दुसरं म्हणजे डोळे, ते मागून चकती लावून बसवायचे काळे प्लास्टिकचे चालतील का? आणि बऱ्याच जणींच्या प्राण्यांची मान काही दिवसांनी लुळी पडलेली बघितलीये, ती ताठ कशी राहील? आई म्हणतेय विकतचं फायबर कशाला, जुन्या उशीतला कापूस आहे की. बारशाच्या आधी व्हायला हवं सगळं, प्लीज लवकर सांगा.

आकडीवाली

अगं सुई बदल आधी. लेबलवरची सुई ही स्वेटर-शालीसाठी असते, तिथे वीण लुसलुशीत पडायला हवी असते. भरायच्या प्राण्याला वीण घट्टच लागते, 8 प्लायला 3 ची घे, हात सैल असेल तर अडीचची. बोटं दुखतात पहिल्यांदा पण इलाज नाही.

अजून एक बघ, मुक्या खांबात, म्हणजे क्रोशाच्या साध्या बुटक्या टाक्यात, दोरा सुईवर वरून गुंडाळून घेतेस की सुईनेच खालून ओढून घेतेस? खालून ओढलास की टाका फुलीसारखा दिसतो आणि जास्त घट्ट बसतो. मात्र एकच पद्धत सगळीकडे ठेव, नाहीतर एक पाय लहान एक मोठा होतो. आणि गोल विणताना वाटी आपोआप उलटी वळते, बऱ्याच जणी तशीच पुढे विणत जातात, ती उलटवून सुलटी बाजू बाहेर घ्यायची.

वाढवायचं गणित सोपं आहे, मॅजिक रिंगमध्ये (ओढून बंद होणारं दोऱ्याचं वेटोळं) 6 मुके खांब, मग 12, 18, 24 असं दर फेरीला 6 ने. 42 वर थांबलीस तर डोकं साडेसहा-सात सेंमी रुंद होतं, तुला 25 सेंमीचा हत्ती हवाय तर 60 पर्यंत जा. फेरी साखळीने जोडू नकोस, गोलगोल चालू राहू दे आणि पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेव, तो दर फेरीला वर सरकवायचा. घटवताना दोन टाक्यांच्या फक्त पुढच्या कड्या सुईवर घे आणि दोनाचा एक कर, मग भोक अजिबात दिसत नाही. हे कळलं ना की हत्तीचं रूपच पालटतं खरंच सांगते.

पॅटर्न इंग्लंडचा असेल तर त्यात डीसी लिहिलेलं असतं तो आपला मुका खांबच, अमेरिकन पॅटर्नमध्ये त्यालाच एससी म्हणतात, तेवढं तपासून घे.

माईआजी

बेटा, डोळे प्लास्टिकचे मुळीच नकोत. आत्ता तू शोभेचा म्हणून फळीवर ठेवशील, पण बाळ बसायला लागलं की त्याला तोच हत्ती हवा असणार आणि हातात आला की थेट तोंडात. ते डोळे चकती लावून कितीही घट्ट बसवले तरी विणीसकट ओढले जातात. तीन वर्षांखालच्या मुलांना सुटे भाग असलेलं काही द्यायचंच नाही. काळ्या भरतकामाच्या दोऱ्याने डोळे भर, सहाही पदर घेऊन, छोट्या प्राण्यांना गाठी टाका पुरतो आणि मोठ्या हत्तीला आधी मुक्या खांबांची काळी टिकली विणून ती चारी बाजूंनी शिवून टाक, वर पांढऱ्या दोऱ्याचा एकच बारीक टाका घातला की नजर जिवंत दिसते. मणी, बटणं, घुंगरू काही नको.

मानेचं म्हणशील तर धड वर नेताना 12 टाक्यांवर आणू नकोस, 18-20 वरच थांब म्हणजे गळा रुंद राहतो. फायबर गळ्यात दाबून दाबून भर, अगदी बोट जाणार नाही इतकं, आणि डोकं शिवताना गोल दोनदा फिर. मानेत आइस्क्रीमची काडी नाहीतर तार घालतात काही जणी, बाळाच्या वस्तूत ते नको गं.

कापसाला आईला नाही म्हण. धुतला की गोळे होतात आणि पावसाळ्यात आतून वाळतच नाही, कुबट वास मारतो. फायबर पिळून टॉवेलमध्ये दाबून पंख्याखाली ठेवलं की वाळतं. कान-पाय शिवताना टाचण्या लावशील त्या आधी मोजून घे आणि नंतर परत मोज.

सह्याद्रीकर

टांगायच्या प्राण्यांबद्दल लिहितो, आमच्याकडे मुलीच्या वेळी बायकोने ससा, बगळा नि दोन मासे केले होते. ते अ‍ॅक्रिलिकचे करा, कॉटन जड होतं आणि फायबर पण हलकंच भरा. लाकडी रिंगेला बांधून थेट छताच्या हुकला लावा, पाळण्याच्या दांडीला नको. बाळाचा हात पोचणार नाही इतकं उंच हवं, आणि बाळ पाच महिन्यांचं झालं किंवा हातांवर उठायला लागलं, जे आधी होईल तेव्हा काढून ठेवा, लोंबत्या दोऱ्या धोक्याच्या असतात. बाळ खालून बघतं, म्हणून प्राण्यांची तोंडं खाली वळवून बांधा, नाहीतर बिचाऱ्याला नुसती पोटं दिसतात.

आणि हत्ती कितीही गोड झाला तरी झोपलेल्या बाळाशेजारी पाळण्यात ठेवू नका, फोटोपुरता सुद्धा नको. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स पहिलं वर्षभर झोपायच्या जागेत मऊ खेळणी, उश्या काही ठेवू नका असंच सांगते. आलेगेले पाहुणे हौसेने ठेवतात, ताईंना आधीच सांगून ठेवा.

रेशीमधागा

किती छान सांगितलंत सगळ्यांनी! 3 ची सुई आणून डोकं उसवून परत विणलं, आता फायबर अजिबात दिसत नाहीये आणि टाके कसे ओळीत बसलेत. माईआजी, टिकलीचे डोळेच करतेय, आईलाही वाचून दाखवलं, पटलं तिला. आता सोंड. सरळ नळी विणली तर पाइपासारखी पुढे येते, ती खाली वळलेली कशी करायची? तार नको हे कळलं.

आकडीवाली

टोकाकडून सुरू कर, 6 वर, मग 12 वर ने आणि दोन फेऱ्या सरळ. त्यानंतर प्रत्येक फेरीत निम्मे टाके मुके खांब आणि समोरच्या निम्म्यात अर्धे खांब (मुक्या खांबापेक्षा जरा उंच टाका) घाल. अर्ध्या खांबांची बाजू उंच होत जाते, म्हणून सोंड आपोआप मुक्या खांबांच्या बाजूला वळते, ती बाजू खाली ठेवायची. टाके दर फेरीला थोडे सरकतात, दोन-तीन फेऱ्या झाल्या की सोंड समोर धरून मध्य परत ठरव नाहीतर ती पिळवटते. टोकाला फायबर भरू नकोस, मुळाकडेच भर, आणि शिवायला हातभर दोरा सोडूनच काप.