ढोल जमतो, सूर नाही
काहींना सूर का कळत नाही, या चर्चेत कुणीतरी लिहिलं, ‘लहानपणी क्लास लावला असता तर सूर कळला असता’. हे मत पटलं नाही. जन्मजात अम्युझियात, म्हणजे जन्मापासूनच सूर न कळण्याच्या स्थितीत, कान ठणठणीत असतो. मेंदू आणि संगीत यांवर संशोधन करणाऱ्या इझाबेल पेरेट्झ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं, की कोमल आणि शुद्ध रिषभातल्या अंतराच्या निम्मा फरकही अशा मेंदूच्या विद्युतलहरींत उमटतो. माणसाला मात्र त्याचा पत्ताच नसतो.

चर्चेत तालाबद्दल मात्र कुणीच लिहिलं नाही. पंचवटीतला माझा मावसभाऊ नाशिक ढोलाच्या पथकात ठेका सोडत नाही, आरतीत मात्र सूर पार गोदेपलीकडे. (अम्युझिया की नुसताच बेसूर, देव जाणे!) प्रयोगांतही दिसलंय: सगळे ठोके एकाच स्वरात असले तर अम्युझियावाल्यांना ताल इतरांइतकाच कळतो, स्वर खालीवर व्हायला लागले की गडबड होते.